ऑपर्क्युलम म्हणजे झाकण

"ही जगाचं सगळं बोलेल, स्वतःचं दुखणं बोलणार नाही. ही गप्प झाली ना सूनबाई, की कारणं शोधत बसू नकोस. आधी कपाळाला हात लाव."

सासूबाई दारात उभ्या होत्या. एक पाय चपलेत, एक बाहेर. दोन-तीन महिन्यांसाठी थोरल्या मुलाकडे निघाल्या होत्या. बॅगा केव्हाच खाली गेल्या होत्या, टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आणि त्या मात्र आपल्या कमावत्या लेकीबद्दल अशा बोलत होत्या, जणू ती कालच पाळण्यातून उतरलीय.

"आई, माझ्याकडे एक तान्हं आहे तेवढं पुरे," सून म्हणाली. "दुसरं पदरात टाकून जाऊ नका."

सगळे हसले. जिच्याबद्दल हे चाललं होतं ती तर सगळ्यांत मोठ्यानं हसली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा पाय चपलेत सरकवला आणि जिना उतरल्या.

त्या लेकीला घरात रेडिओ म्हणत. बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत तिची दुपारची पाळी असे. कुठली गाडी कधी सुटते, कुठल्या फलाटावर लागते, हे सांगता सांगता दुसऱ्या कुणाच्या घशाला कोरड पडली असती. ही घरी येताना जिन्यातच बातम्या सुरू करायची. कुणाची गाडी चुकली, कुणाचा नवरा चुकीच्या गाडीत बसला आणि बायको कशी निवांत घरी गेली. सकाळी ती वहिनीचं बाळ सांभाळी, म्हणून वहिनीला टेबलाशी बसता येई.

ही वहिनी म्हणजेच आपल्या गोष्टीतली सून. आपणही तिला वहिनीच म्हणू. ती विज्ञानाची पदवीधर, आणि काळजीच्या बाबतीत तर थेट सुवर्णपदकाची मानकरी. बाळ झोपलं की ते श्वास घेतंय ना हे बघायला वाकायची. घेतंय असं दिसलं की जरा जास्तच जोरात घेतंय का म्हणून परत वाकायची. विजेच्या सगळ्या बटणांखालची भोकं तिनं चिकटपट्टीनं बंद केली होती, त्यामुळे नवऱ्याला मशीननं दाढी करायला शेजारी जावं लागे. दूध मनगटावर, मग गालावर, मग पुन्हा मनगटावर टाकून बघायची. बाळाच्या भुवईवर आलेला डास तिला पलीकडच्या खोलीतून दिसायचा.

एका प्रकाशन संस्थेसाठी ती शालेय विज्ञानकोशाचे शब्द लिहीत होती. तिथल्या संपादकांना पाठीमागे सगळे भिंग म्हणत. भिंगांचा एक नियम होता आणि त्यातून देवाचीही सुटका नव्हती: अर्थ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचा नाही. दुसऱ्या कोशातून उचललेला अर्थ म्हणजे उष्टं, असं ते म्हणत. एका शब्दाचे पाच अर्थ असतील तर पाचही वस्तू जाऊन बघा, आणि प्रत्येकीचं चित्र किंवा फोटो जोडा.

आणि या महिन्यात वहिनीच्या वाट्याला शब्द आला होता ऑपर्क्युलम.

मूळ लॅटिन. अर्थ साधा, झाकण. पण एवढंसं झाकण कुठे कुठे जाऊन बसलं होतं! माशाच्या कल्ल्यांवरचा टणक पडदा, तो ऑपर्क्युलम. शंखातली गोगलगाय आत शिरली की दार लावून घेते, ते दार म्हणजे ऑपर्क्युलम. शेवाळाच्या बीजाणूंच्या डबीवरची टोपी आणि निलगिरीच्या कळीवरची टोपीसुद्धा. मेंदूचा एक भाग आत दडलेला असतो, त्याच्यावर आलेली घडी हीही तीच. गर्भाशयाच्या तोंडाशी नऊ महिने बसलेलं चिकट बूच, आणि अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवर राहून गेलेला हिरडीचा पापुद्रा. वहिनी या शब्दाच्या प्रेमातच पडली.

शोधाशोधीत रेडिओ बाळाला कडेवर घेऊन हौसेनं सामील झाली. मंडईत वहिनी एकेका माशाचा कल्ला उचलून पाहायला लागली, तेव्हा मासेवाली म्हणाली, "बाई, घ्यायचा तर घ्या. त्याचं तोंड काय बघताय, सोयरीक जुळवायचीय का?" यावर रेडिओ इतकी हसली की बाळही हसायला लागलं. पाणगोगलगाय बागेतल्या हौदाच्या कडेला तिनंच शोधून काढली. शेवाळही तिनंच, बसस्थानकाच्या मागच्या ओल्या भिंतीवरचं, रुमालात बांधून आणलं. उवांच्या अंड्यालाही असंच झाकण असतं हे कळल्यावर तिनं दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. "वहिनी, ते उदाहरण माझ्याकडे मागायचं नाही!"

घरात त्या शब्दाचा नुसता सुकाळ झाला. "वहिनी, कुकरचं ऑपर्क्युलम कुठंय?" "दादा, शाईच्या पेनाचं ऑपर्क्युलम बाळाच्या तोंडात आहे, काढ आधी!"

गर्भाशयाचा अर्थ लिहिताना मात्र वहिनी जरा थांबली होती. तो तिनं स्वतःच्या अनुभवावरून लिहिला. बाळंतपणाच्या दिवशी संध्याकाळी ती खिडकीशी नुसती बसली होती. पोटात काही होतंय की नाही याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती, आणि उगाच गवगवा कशाला म्हणून ती बोलली नव्हती. रेडिओनं कामावरून आल्या आल्या पिशवीही खाली न ठेवता विचारलं होतं, "वहिनी, तू गप्प का?" आणि टॅक्सी बोलावली होती.

मेंदूची घडी तिनं वैद्यकीय महाविद्यालयातल्या बरणीत बघून घेतली आणि आता फक्त दाढेचा अर्थ राहिला होता. ओळखीच्या कुणाला अक्कलदाढ येत नव्हती.

एका सकाळी रेडिओ पावाचा तुकडा एकाच बाजूनं चावत होती. दुसऱ्या गालाशी बोट नेऊन परत आणत होती.

"काय झालं?" तिच्या दादानं विचारलं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, सकाळी लवकरच निघायचा, आणि उभ्या उभ्या चहा पीत होता.

"काही नाही रे. अक्कलदाढ येतेय वाटतं."

"बरं झालं. उशिरा का होईना, अक्कल येतेय घरात."

तो हसत निघून गेला, पण वहिनी खुर्चीवरून ताडकन उठली होती. "थांब! चावू नकोस! आ कर!"

टॉर्च आला. रेडिओला खिडकीशी उजेडात बसवलं, हनुवटी वर केली. आणि तिथे, अगदी मागे, दाढेचं एक पांढरं टोक, आणि त्याच्यावर हिरडीची लालसर घडी, डबीचं झाकण अर्धवट लागावं तशी.

"सापडलं! अगं, किती सुंदर आहे! आणखी मोठा आ कर. जीभ बाजूला घे. हलू नकोस."

तिनं फोटोमागून फोटो काढले. रेडिओच्या डोळ्यांतून पाणी आलं. उघड्या तोंडानं ती काहीतरी म्हणत होती, पण उघड्या तोंडानं काय बोलता येणार? शेवटी तिनं वहिनीचा हात बाजूला केला.

"झालं?"

"झालं! मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. जमेल तेव्हा दाखवून ये दाताच्या डॉक्टरला."

"हो. वहिनी, फोटो कुणाला दाखवू नकोस हं. तोंडातला आहे, कसंतरीच वाटतं."

"छे गं, कुणाला दाखवणार?"

एवढं बोलून वहिनी टेबलाशी बसली. "दुखतंय का?" असं तिनं विचारलं नव्हतं. हे तिला तेव्हा जाणवलंही नाही. तो प्रश्न पुढे किती रात्री तिच्या उशाशी येऊन बसणार होता!

दुपार व्हायच्या आत फोटो भिंगांकडे गेला. चेहरा तर दिसत नव्हता, आणि कोशासाठी पाठवणं म्हणजे दाखवणं थोडंच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. भिंगांनी खूश होऊन तो कार्यालयाच्या फोनवरच्या गटात टाकला: "उदाहरण असं हवं!" खाली कुणीतरी चेष्टा केली, "कुणाची ही गुहा? आत रंगकाम काढलंय वाटतं." आणखी कुणी हसणारे चेहरे टाकले. वहिनीनंही एक टाकला.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन बाळाच्या गाण्यांसाठी रेडिओच्या हातात होता. गाणं मध्येच बंद झालं. रेडिओ टेबलाशी आली आणि फोन वहिनीसमोर ठेवला.

"मी सांगितलं होतं ना तुला?"

वहिनीचे कान तापले. चूक आपलीच आहे हे कळलं की माणूस सरळ माफी मागेल तर बरं. ती उलट वकिली करू लागली. "अगं, दाढेवरून कुणी माणूस ओळखतं का? मुलांच्या अभ्यासासाठी आहे ते."

"आणि गुहा? ते पण अभ्यासासाठी? तूही हसलीस खाली."

"एवढं काय त्यात! तू तर सगळ्या जगाचं सगळ्या जगाला सांगत असतेस. आणि स्वतःचा एक दात दिसला तर एवढा कांगावा?"

 रेडिओनं बाळाच्या पायातून निसटलेला मोजा उचलून परत घातला आणि आत गेली.

तेव्हापासून घरातला रेडिओ बंद झाला.

पहिल्या दिवशी वहिनीला शरम वाटली. दुसऱ्या दिवशी शरमेचा कंटाळा आला आणि तिच्या जागी राग आला, कारण राग बाळगायला सोपा. रेडिओ हुं आणि ऊंहूं यापलीकडे जात नव्हती. ताटातलं तसंच टाकून उठत होती. कानावरून हनुवटीखाली रुमाल बांधून बसायची.

"हिला काय झालंय?" नवऱ्यानं विचारलं.

"अबोला धरलाय. अन्नावर राग काढतेय. किती ताणायचं माणसानं?"

"डोक्याला रुमाल का?"

"नाटक. विचार ना तूच!"

त्यानं विचारलं. रेडिओनं हात हलवला, वाऱ्याचा त्रास होतो असं खुणेनं सांगितलं. त्याला कामावर जायची घाई होती.

नंतर तिनं कामावर रजा टाकली. वहिनीनं तेही आपल्याच खात्यावर मांडलं: मला दाखवायला घरी बसलीय. बाळाला ती घेत होती, पण त्याच्याशी बोलत नव्हती. बाळ तिच्या नाकाशी, ओठाशी हात न्यायचं, आणि ती तोंड फिरवायची. एरवी त्याच्या पोटावर तोंड ठेवून फुर्र करणारी ही मुलगी आता त्याचा पापाही घेईना. हे मात्र वहिनीला सहन झालं नाही.

"माझ्यावरचा राग त्या जिवावर कशाला काढतेस? त्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

रेडिओनं मान वर केली. डोळे भरून आले. ओठ हलले आणि आतून जाड, चिकट असा काहीसा आवाज आला, तो "काही नाही" असावा. मग ती बाळाला खांद्यावर टाकून खोलीत फेऱ्या मारायला लागली. तोंड मिटूनच नाकातून गुणगुणत होती. बाळाला ते गाणं ओळखीचं होतं. ते झोपलं.

त्या दिवशी दुपारी वहिनीनं झोपलेलं बाळ तिच्याकडून उचललं आणि ती दचकली. बाळाची एक बाजू गरम होती. गाल, दंड, मांडी. तिनं थर्मामीटर काढला, बाळाच्या काखेत धरला, श्वास रोखून वाट पाहिली. ताप नव्हता. पुन्हा लावला. नव्हता. वहिनीनं देवाचे आभार मानले, थर्मामीटर पुसून डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं आणि ती शेवटचा मजकूर तपासायला बसली.

बाळाची फक्त एकच बाजू गरम का, ती ऊब आली कुठून, हे या पदवीधर, डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या बाईच्या मनातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "अगं, तिचा फोन का लागत नाही? लागला तर उचलत नाही. एवढे दिवस माझ्याशी बोलल्याशिवाय राहिली नाही कधी ती."

"रुसलीय, आई. आमचं थोडं वाजलं. अगदी एका शब्दावर आलीय ती."

 सासूबाईंनी हळू आवाजात विचारलं, "कपाळ बघितलंस?"

वहिनीच्या हातातला फोन टेबलावर राहिला. आतल्या खोलीत रेडिओ खुर्चीवर पुढे वाकून बसली होती. हातातला रुमाल लाळेनं भिजला होता, कारण थुंकीसुद्धा तिला गिळता येत नव्हती. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं. डोक्याला बांधलेला रुमाल सोडला तर जबड्याखालची सूज दगडासारखी घट्ट, हनुवटीपासून मानेपर्यंत उतरलेली.

"आ कर," वहिनी म्हणाली, आणि स्वतःच्याच त्या शब्दांनी तिला चटका बसला.

रेडिओनं प्रयत्न केला. दातांमधून एक बोटसुद्धा जाईना.

नवरा कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात होता, त्याचा फोन लागत नव्हता. वहिनीनं बाळाला पोटाशी बांधलं, रेडिओला खांद्याचा आधार दिला आणि जिना उतरली. टॅक्सीत रेडिओ ताठ बसून होती, मागे रेललं की तिचा श्वास अडकत होता. वहिनी पुन्हा पुन्हा वाकून बघत होती, श्वास घेतेय ना. जन्मात पहिल्यांदा ती बाळाचा नाही, दुसऱ्या कुणाचा श्वास बघायला वाकली होती.

रुग्णालयात धावपळ झाली. सलाईन लावलं, तपासण्या झाल्या. वहिनीच्याच वयाची, दातांच्या शस्त्रक्रिया करणारी एक डॉक्टर बाहेर आली.

"अक्कलदाढेवर जी हिरडी राहते ना, तिच्याखाली अन्न अडकतं, जंतू वाढतात, पू होतो. हिचा पू जबड्याखाली उतरलाय, श्वासाच्या वाटेकडे. ताबडतोब मोकळं करावं लागेल. गरज पडली तर श्वासासाठी नळी घालू. तोंड उघडत नाही, त्यामुळे दाढेची आधीची स्थिती मला दिसत नाही. दुखणं केव्हा सुरू झालं? कुणी पाहिलं होतं का आत?"

वहिनीला वाटलं, या फरशीनं आपल्याला पोटात घ्यावं.

"माझ्याकडे फोटो आहे," ती म्हणाली.

डॉक्टरनं फोन घेतला, चित्र मोठं केलं, बोटानं सरकवत कडा पाहिल्या. "हे बघा, इथे कडेला पिवळट दिसतंय. तेव्हाच पू होता. बराच दुखत असणार." मग सहज, कामाच्या सुरात म्हणाली, "फोटो चांगला आलाय. सगळं दिसतंय. कुणी काढला?"

"मी."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "बरं," म्हणाली आणि आत गेली.

बाकावर बाळ रडायला लागलं. वहिनी त्याला पाजायला बसली आणि तिला आठवलं, याच रुग्णालयात, अशाच बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन रेडिओ रात्रभर बसली होती. बाळाचा पहिला आवाज आपल्याआधी तिनं दाराबाहेरून ऐकला होता. म्हणून तर ती सगळ्यांना सांगत सुटायची, "आधी मी ऐकलंय, मग आईनं!"

पू निघाला, दाढही निघाली. नळी लागली, पण थोड्याच वेळासाठी. पहाटे नवरा धावत आला तेव्हा धोका टळल्याचं त्याला कळलं.  तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मीसुद्धा रुमाल पाहिला होता गं." त्यानं वहिनीचं ओझं काही हलकं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला भेटता आलं. रेडिओच्या मानेला पट्टी होती, चेहरा उतरला होता. वहिनीनं वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती, चांगली लिहिणाऱ्या बाईची वाक्यं. पलंगाशी पोचल्यावर त्यातलं एकही जागेवर सापडलं नाही. रेडिओनंच ओठ हलवले. आवाज खोल विहिरीतून यावा तसा.

"बाळाला ताप नाही ना आला?"

"नाही."

"मला भीती वाटत होती... माझ्या तोंडातलं त्याला लागेल. म्हणून पापा घेत नव्हते."

वहिनीनं पलंगाची कड धरली. रडावं तर तेही तोंड राहिलं नव्हतं. एवढंच विचारलं, इतक्या उशिरा, "दुखतंय?"

रेडिओनं डोळे मिटले. "हो," म्हणाली. "खूप दुखत होतं गं."

घरी आल्यावर वहिनीनं भिंगांना फोन केला आणि फोटो काढून टाकायला सांगितला, गटातूनही आणि कोशातूनही.

"अहो, एवढं स्पष्ट उदाहरण! तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं."

"त्याच्या जागी रेखाचित्र टाका. आणि खाली एक ओळ घाला, दुखत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावं."

"हा कोश आहे बाई, दवाखाना नाही. कोशात सल्ला नसतो."

"मग माझं नाव काढा." कधी नाही ते तिचा आवाज चढला होता. शेवटी भिंगांनी दोन्हीकडून फोटो काढला. ओळ राहिली, बारीक टाइपात.

महिनाभरात रेडिओ पुन्हा सुरू झाला. बसस्थानकातल्या बातम्या जिन्यातून यायला लागल्या. बाळाच्या पोटावर फुर्र होऊ लागलं. वहिनीवरचा राग तिनं कधी बोलून दाखवला नाही, आणि तो गेलाय की नाही हे वहिनीला अजून कळलेलं नाही. सासूबाई परत आल्या, त्यांनीही एक शब्द काढला नाही. त्या रोज संध्याकाळी लेकीच्या कपाळाला हात लावतात, बस्स, आणि हे करताना सुनेकडे बघत नाहीत.

रेडिओत एकच गोष्ट बदलली. हसताना ती आता तोंडावर हात धरते. मंडईत त्या मासेवालीनं पुन्हा काहीतरी थट्टा केली, रेडिओ खदखदून हसली, आणि हसता हसता हात आपोआप वर गेला. वहिनी शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली आणि माशांकडे बघत राहिली.

म्हणून सांगायचं ते हे. तुमच्या घरात कुणीतरी असेल, जे सगळ्यांचं सांगतं आणि चार दिवसांपासून काहीच सांगत नाही. तुम्ही म्हणाल, रुसलंय. असेलही. तरी हे वाचून झालं की एवढं करा, उठून त्या खोलीत जा. "काही नाही" असं उत्तर येईल, तिकडे लक्ष देऊ नका. कपाळाला हात लावा, आणि दुखतंय का, ते विचारून या.